प्रादेशिक हवामान मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरण, पूररेषा, शहरातली पावसाळी गटारे, जंगलातले वणवे, पिकांच्या पेरणीच्या तारखा. यांचे नियोजन करणाऱ्यांना पुढच्या पन्नास वर्षांचे हवामान हवे असते, आणि तेही एका खोऱ्याचे किंवा एका किनाऱ्याचे. जागतिक मॉडेल, म्हणजे संपूर्ण पृथ्वीच्या हवामानाची संगणकावर चालणारी गणिती प्रतिकृती, एवढ्या बारकाईने बोलत नाही, म्हणून प्रादेशिक मॉडेलकडे वळावे लागते. ही मॉडेल वापरू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. आमचा आग्रह एकच आहे: नकाशावर दिसणारा तपशील कशातून आला हे कळल्याशिवाय तो आराखड्यात घालू नका.

जागतिक मॉडेल असताना प्रादेशिक मॉडेल कशाला हवे?

जागतिक मॉडेल पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे चौकोनी तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यासाठी तापमान, वारा, आर्द्रता यांचे एकेकच मूल्य धरते. सध्याच्या बऱ्याच जागतिक मॉडेलांत या चौकोनाची बाजू साधारण १०० किलोमीटर असते. आधीच्या पिढ्यांत ती २०० ते ३०० किलोमीटर होती. एवढ्या चौकोनात डोंगर, दरी आणि पायथ्याचे मैदान यांची एकच सरासरी उंची होते. आल्प्सची ४,००० मीटरपेक्षा उंच शिखरे तिथे पसरट उंचवटा बनून राहतात, आणि सह्याद्रीसारखी अरुंद रांग जवळजवळ दिसेनाशी होते. वाऱ्याला चढायला कडाच नसला की एका बाजूचा मुसळधार पाऊस आणि पलीकडची पर्जन्यछाया दोन्ही पुसट होतात.

पावसाचे गणित तर फारच बोलके आहे. समजा, १० किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद पट्ट्यात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तोच पाऊस १०० किलोमीटरच्या चौकोनावर पसरला तर सरासरी येते फक्त १ मिलिमीटर. पूर आला त्या दिवशी मॉडेलच्या हिशेबी भुरभुर झाली.

म्हणजे हा जागतिक मॉडेलचाच नकाशा मोठा करून पाहण्याचा प्रकार आहे का?

नाही. नकाशा मोठा केला तर आहे तीच माहिती गुळगुळीत होऊन पसरते, नवे काहीच येत नाही. प्रादेशिक मॉडेल हवेच्या हालचालीची, उष्णतेची आणि बाष्पाची समीकरणे पुन्हा सोडवते. फक्त पृथ्वीचा एकच तुकडा घेते आणि त्यावर ५०, २५, १२ किंवा अगदी ३ किलोमीटरची ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, टाकते. खरी उंची, खरा किनारा, जंगल, शेती, शहर हे सगळे जास्त नेमकेपणाने दिल्यामुळे वारा डोंगरावर चढतो, बाष्प थंड होते, ढग बनतात. नवा तपशील या घडामोडींतून येतो.

मग जागतिक मॉडेलच बारीक ग्रिडवर का चालवत नाहीत?

खर्चामुळे. ग्रिडची बाजू निम्मी केली की आडव्या चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय मॉडेल काळाच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकते, आणि गणित स्थिर राहावे म्हणून प्रत्येक पायरीचा काळही निम्मा करावा लागतो. म्हणजे एकदा निम्मे केले की काम सुमारे आठपट. १०० किलोमीटरवरून साडेबारावर यायला तीनदा निम्मे करावे लागते, आणि काम ५१२ पट होते. काही केंद्रे आता संपूर्ण पृथ्वीचे मॉडेल काही किलोमीटरच्या ग्रिडवरही चालवतात, आणि ही प्रगती थक्क करणारी आहे. पण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या परिस्थितींसाठी, शतकभराच्या लांबीची, अनेक सिम्युलेशन (मॉडेल चालवून काढलेली हवामानाची आभासी वाटचाल) तशी करणे अजून आवाक्यात नाही.

जागतिक मॉडेलच्या आत प्रादेशिक मॉडेल बसवतात म्हणजे नेमके काय करतात?

प्रादेशिक मॉडेलला कडा असतात आणि कडेपलीकडे काय चालले आहे हे त्याला ठाऊक नसते. ते जागतिक मॉडेल सांगते. साधारण दर सहा तासांनी वेगवेगळ्या उंचीवरचे वारे, तापमान, आर्द्रता आणि पृष्ठभागावरचा दाब कडेवर पुरवला जातो. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमानही बहुतेक वेळा तिकडूनच येते. बाहेरून आलेली मूल्ये आणि मॉडेलची स्वतःची मूल्ये यांचा कडेवर एकदम सांधा जोडला तर तिथे खोट्या लाटा उठतात. म्हणून कडेच्या काही चौकोनांच्या पट्ट्यात दोन्ही हळूहळू मिसळतात. ह्यू डेव्हिस यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही या ना त्या रूपात जवळजवळ सगळीकडे वापरली जाते.

व्यवहार बहुधा एकतर्फी असतो. जागतिक मॉडेल सांगते, प्रादेशिक ऐकते. आत घडलेल्या गोष्टींचा परिणाम परत बाहेर जात नाही.

कडा कुठे ठेवायची हा निर्णय वाटतो त्याहून फार महत्त्वाचा आहे. ती उंच पर्वतरांगेवर पडली तर दोन मॉडेलांच्या जमिनीची उंचीच जुळत नाही आणि त्या पट्ट्यात भलताच पाऊस पडू लागतो. क्षेत्र फार लहान घेतले तर आत आलेल्या हवेला तपशील घडवायला जागाच मिळत नाही, ती एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने तशीच निघून जाते. फार मोठे घेतले तर प्रादेशिक मॉडेल स्वतःचीच मोठी वादळे रचू लागते आणि जागतिक मॉडेलने सांगितलेल्या चित्राशी त्याचा संबंध सुटतो. हे टाळण्यासाठी काही गट क्षेत्राच्या आतही फक्त मोठ्या लांबीच्या लहरींना जागतिक मॉडेलकडे हलकेच ओढत राहतात. याला स्पेक्ट्रल नजिंग म्हणतात. ते वापरावे की नाही यावर तज्ज्ञांत दोन तट आहेत. आमच्या मते क्षेत्र मोठे असेल तर ते वापरावे, आणि वापरले आहे हे स्पष्ट लिहावे.

आणखी एक गोष्ट वरवर पाहता लक्षात येत नाही. वातावरण काही दिवसांत रुळते, पण खोल मातीतला ओलावा स्थिरावायला वर्षे लागू शकतात. म्हणून सिम्युलेशनचा सुरुवातीचा काळ विश्लेषणात घेत नाहीत.

ही पद्धत आली कुठून?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या युक्का माउंटन इथे अणुकचरा साठवण्याचा विचार चालू होता, आणि त्या डोंगराळ कोरड्या भागाचे हवामान पुढे कसे राहील हे जाणून घ्यायचे होते. त्या काळच्या जागतिक मॉडेलांना तो भाग धड दिसतही नव्हता. रॉबर्ट डिकिन्सन, फिलिपो जिओर्जी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हवामान अंदाजासाठी बनवलेले मर्यादित क्षेत्राचे मॉडेल जागतिक मॉडेलच्या आत बसवून पश्चिम अमेरिकेवर चालवून दाखवले. त्यातूनच रेगसीएम हे मॉडेल घडले, आणि पुढे इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्रात त्याचा विकास होत राहिला. त्यानंतर रेमो, कॉस्मो-सीएलएम, डब्ल्यूआरएफ, ब्रिटिश हवामान खात्याचे प्रिसिस अशी कितीतरी मॉडेल वापरात आली. प्रत्येक गट वेगळे क्षेत्र, वेगळी ग्रिड घेत असल्यामुळे निकालांची तुलना होत नव्हती. म्हणून जागतिक हवामान संशोधन कार्यक्रमाने २००९ मध्ये कॉर्डेक्स हा समन्वयाचा उपक्रम सुरू केला. त्याची १४ ठरलेली क्षेत्रे आहेत आणि जगभरातले गट त्या ठरलेल्या चौकटीत सिम्युलेशन करतात.

जागतिक मॉडेलच्या चुका प्रादेशिक मॉडेल दुरुस्त करते का?

मोठ्या चुका नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जागतिक मॉडेलात वादळांचा मार्ग पाचशे किलोमीटर सरकलेला असेल, तर प्रादेशिक मॉडेलच्या कडेतून वादळे त्याच चुकीच्या जागेवरून आत येणार. समुद्र दोन अंशांनी थंड असेल, तर त्यावरून येणारी हवा कमीच बाष्प आणणार. प्रादेशिक मॉडेल त्या चुकीच्या हवेला खऱ्या डोंगरावर चढवेल, अतिशय सुंदर, बारीक नक्षीचा पावसाचा नकाशा देईल, आणि तो नकाशा चुकलेला असेल. आमची खरी काळजी इथेच आहे. देखण्या नकाशावर माणसाचा विश्वास पटकन बसतो.

याहून फसवा प्रकारही आहे. कधी जागतिक मॉडेल जास्त ओले असते आणि प्रादेशिक मॉडेलचा स्वतःचा कल कोरडेपणाकडे असतो. दोन चुका एकमेकींना खोडतात आणि सरासरी पाऊस निरीक्षणांशी छान जुळतो. अशा जोडीवर भविष्यासाठी विसंबू नये, कारण हवामान बदलले की दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात बदलतील याची काहीच हमी नसते. म्हणून आधी जागतिक मॉडेल तपासा. तुमच्या भागावरचे मोसमी वारे, वादळांचे मार्ग आणि शेजारच्या समुद्राचे तापमान त्याला जमते का ते पाहा, आणि मगच बारीक ग्रिडकडे जा.

मिळालेला तपशील खरा आहे हे कसे ओळखायचे?

पहिली कसोटी म्हणजे प्रादेशिक मॉडेलला जागतिक मॉडेलऐवजी खऱ्या हवेची कडा द्यायची. त्यासाठी रिअ‍ॅनालिसिस वापरतात, म्हणजे उपग्रह, फुगे, जहाजे, वेधशाळा यांची निरीक्षणे आणि मॉडेल यांच्या मेळातून बनवलेला गेल्या काही दशकांचा सलग इतिहास. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राच्या ईआरए५ या संचात ३१ किलोमीटरच्या ग्रिडवर तासातासाची माहिती आहे. अशा सिम्युलेशनमध्ये जी चूक राहते ती बव्हंशी प्रादेशिक मॉडेलची स्वतःची. नंतर तेच मॉडेल जागतिक मॉडेलच्या कडेवर चालवले की वाढलेली चूक कुठून आली ते कळते.

दुसरी कसोटी कॅनडातल्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडली आणि ती आम्हाला फार आवडते. आधी मोठ्या क्षेत्रावर बारीक ग्रिडचे सिम्युलेशन करायचे. त्यातला बारीक तपशील गाळून टाकायचा. उरलेले ढोबळ चित्र कडेवर देऊन लहान क्षेत्रावर तेच मॉडेल पुन्हा चालवायचे. गाळलेला तपशील परत तयार झाला का ते पाहायचे. त्यांनी हा ‘बिग ब्रदर’ प्रयोग केला तेव्हा बारीक तपशील बऱ्याच अंशी परत घडला. निरीक्षणांची टंचाई असली तरी ही कसोटी लावता येते, म्हणून ती मोलाची.

निरीक्षणांशी ताडताना निरीक्षणांचीही परीक्षा घ्या. उंच डोंगरांवर पर्जन्यमापक थोडे असतात, आणि वाऱ्यात बर्फ मापकाच्या बाजूने उडून जातो, त्यामुळे नोंद कमी होते. मॉडेलने शिखरावर जास्त पाऊस दाखवला तर दोष मॉडेलचाच आहे असे लगेच ठरवू नये.

अनुभव असा की डोंगराळ भागातला पाऊस आणि बर्फ, किनाऱ्याजवळचे वारे, अतिवृष्टी, चक्रीवादळांची तीव्रता यांत प्रादेशिक मॉडेल खरी भर घालते. विस्तीर्ण सपाट प्रदेशाचे ऋतुमानाचे सरासरी तापमान हवे असेल, तर बहुतेक वेळा जागतिक मॉडेलच पुरते.

ग्रिड जितकी बारीक तितके उत्तर चांगले, बरोबर?

सरसकट नाही, पण एक टप्पा असा आहे जिथे उडी खरोखर मोठी असते. १० किलोमीटरहून मोठ्या ग्रिडवर गडगडाटी ढग मावत नाहीत, म्हणून त्यांचा एकत्रित परिणाम सूत्रांनी अंदाजाने घालावा लागतो. या सूत्रांची खोड जुनी आहे: पाऊस वारंवार पण हलका पडतो आणि जमिनीवरच्या दुपारच्या सरी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी आधी, अगदी मध्यान्हीच सुरू होतात. ग्रिड साधारण ४ किलोमीटरच्या खाली आली की उंच वाढणारे ढग मॉडेल स्वतःच उभे करू लागते आणि ती सूत्रे बंद करता येतात. पावसाची वेळ सुधारते, तासाभराच्या पावसाची तीव्रता सुधारते.

याने भविष्याचे उत्तरही बदलू शकते. एलिझाबेथ केंडन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दक्षिण ब्रिटनसाठी दीड किलोमीटरच्या ग्रिडवर केलेल्या अभ्यासात उन्हाळ्यातल्या तासाभराच्या अतिवृष्टीत वाढ दिसली. १२ किलोमीटरच्या मॉडेलात ती दिसली नव्हती. गटारे आणि लहान ओढ्यांचे पूर तासाभराच्या पावसावर ठरतात. म्हणून शहरी पुरासाठी काम करत असाल तर या बारीक सिम्युलेशनांचा आग्रह धरा. महिन्याच्या पाण्याच्या ताळेबंदासाठी मात्र २५ किलोमीटरची दहा सिम्युलेशन ३ किलोमीटरच्या एकापेक्षा अधिक उपयोगाची ठरतील.

४ ते १० किलोमीटरचा पट्टा अवघड आहे. तिथे ढग अर्धवट दिसतात, अर्धवट सूत्रात राहतात, आणि एकच ढग दोनदा मोजल्यासारखे होते.

जागतिक आणि प्रादेशिक मॉडेलची उत्तरे वेगळी आली तर कोणाचे मानायचे?

ज्याच्या उत्तरामागचे कारण सांगता येते त्याचे. दोन उदाहरणे आल्प्स आणि त्याच्या आसपासची आहेत, आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत.

जागतिक मॉडेल सांगतात की तापमानवाढीत आल्प्सच्या भागात उन्हाळी पाऊस घटेल. जिओर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की बारीक ग्रिडच्या प्रादेशिक मॉडेलांत उंच शिखरांवर तो उलट वाढतो. कारण समजण्यासारखे आहे: उंचावरची जमीन तापते, हवा अधिक अस्थिर होते आणि शिखरांवर गडगडाटी पाऊस वाढतो. जागतिक मॉडेलात ती शिखरेच नाहीत. इथे प्रादेशिक मॉडेलचे ऐकावे.

दुसरीकडे, पश्चिम आणि मध्य युरोपातली उन्हाळ्याची तापमानवाढ बऱ्याच प्रादेशिक मॉडेलांनी त्यांना चालवणाऱ्या जागतिक मॉडेलांपेक्षा बरीच कमी दाखवली. शोध घेतल्यावर एक महत्त्वाचे कारण निघाले एअरोसॉलचे. हवेतले हे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात. प्रदूषण घटेल तसे ते कमी होतील आणि ऊन वाढेल हे जागतिक मॉडेलांत धरलेले होते. अनेक प्रादेशिक मॉडेलांत कणांचे प्रमाण वर्षानुवर्षे तेवढेच ठेवलेले होते. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर वनस्पतींची पर्णरंध्रे आकसतात आणि बाष्पोत्सर्जन घटते, हा परिणामही अनेक प्रादेशिक मॉडेलांत नव्हता. ग्रिड बारीक असूनही उत्तर कमकुवत होते, कारण भौतिकीचा एक भाग गाळलेला होता. डेटा घेताना त्या मॉडेलने एअरोसॉल कसे हाताळले हे विचारायला अजिबात संकोचू नका.

एक चांगले सिम्युलेशन निवडले तर चालेल का?

नाही. अनिश्चितता तीन बाजूंनी येते: माणूस किती उत्सर्जन करेल, मॉडेल त्याला कसा प्रतिसाद देईल, आणि हवामानाचे स्वतःचे दशकादशकाचे चढउतार. एका सिम्युलेशनमध्ये यातले काहीच वेगळे काढता येत नाही. आदर्श म्हणजे अनेक जागतिक आणि अनेक प्रादेशिक मॉडेलांच्या जोड्यांचा संपूर्ण तक्ता. प्रत्यक्षात त्या तक्त्यात बरीच घरे रिकामी असतात. म्हणून उपलब्ध जोड्यांची सरासरी काढण्याआधी त्यात एकच जागतिक मॉडेल सहा वेळा तर आलेले नाही ना, हे मोजून घ्या.

सांख्यिकी पद्धती किंवा मशीन लर्निंग स्वस्तात हेच काम करत नाही का?

बऱ्याच कामांसाठी करते. मोठ्या हवामानस्थितीचा आणि एखाद्या ठिकाणच्या नोंदींचा संबंध जुन्या माहितीवरून बसवायचा आणि तो भविष्याला लावायचा, ही पद्धत स्वस्त आहे आणि लांब नोंदी असतील तिथे चांगली चालते. ती धरून चालते की तो संबंध तापलेल्या जगातही टिकेल. नोंदी विरळ असतील, किंवा न मोजलेल्या गोष्टी हव्या असतील, तर तिचे हात बांधले जातात. मशीन लर्निंगचा आज सर्वांत आशादायक उपयोग आम्हाला वाटतो तो प्रादेशिक मॉडेलचाच बारीक तपशील शिकून रिकाम्या जोड्या भरण्याचा. पण तिथेही शिकवायला प्रादेशिक मॉडेल लागतेच.

बायस करेक्शन केलेला, म्हणजे मॉडेलची नेहमीची चूक निरीक्षणांवरून दुरुस्त केलेला डेटा घ्यावा की मूळ?

पीक किंवा जलविज्ञानाच्या मॉडेलमध्ये घालायचा असेल तर दुरुस्त केलेला लागतो, कारण ती मॉडेल ठरावीक उंबरठ्यांवर चालतात. दोन अंशांची चूक असली की बर्फाऐवजी पाऊस पडतो. मात्र दुरुस्ती आकड्यांचे वितरण जुळवते, चुकीमागचे कारण सुधारत नाही. मोसमी पाऊस महिनाभर उशिरा येत असेल तर आकडे जुळवून तो वेळेवर येत नाही. तापमान आणि पाऊस स्वतंत्रपणे दुरुस्त केले तर त्यांच्यातला परस्परसंबंधही बिघडू शकतो. मूळ आणि दुरुस्त दोन्हींत होणारा बदल शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत फार फरक असेल तर तिथेच थांबा आणि कारण शोधा.

मॉडेलमध्ये २०४७ चा दुष्काळ दिसतो. तो येणार आहे का?

नाही. मॉडेलमधले २०४७ हे कॅलेंडरवरचे खरे वर्ष नाही. अशा सिम्युलेशनमधून वीस-तीस वर्षांची आकडेवारी घ्यायची असते: दुष्काळ किती वेळा, किती तीव्र, आधीपेक्षा किती वेगळे.

माझ्या ठिकाणावरचा एकच चौकोन उचलू का?

शक्यतो नको. मॉडेल एका चौकोनाएवढी गोष्ट नीट उभी करू शकत नाही. सहा-सात चौकोनांहून लहान रचना त्यात दबून जातात, म्हणजे १२ किलोमीटरच्या मॉडेलचे खरे डोळे ७०-८० किलोमीटरवर उघडतात. आजूबाजूचे चौकोन मिळून पाहा, पण किनारा किंवा डोंगरधार ओलांडून सरासरी घेऊ नका.

डेटा हाती आल्यावर आधी काय तपासावे?

सर्वप्रथम दिनदर्शिका. काही मॉडेलांत, उदाहरणार्थ हॅडजेम२-ईएस आणि त्यावर चालवलेल्या सिम्युलेशनांत, वर्ष ३६० दिवसांचे आणि प्रत्येक महिना ३० दिवसांचा असतो. ३० फेब्रुवारी दिसला तर फाइल बिघडलेली नाही.

पावसाचे एकक बहुधा दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किलोग्रॅम असे असते. त्याला ८६,४०० ने गुणले की दिवसाचे मिलिमीटर मिळतात. ग्रिड अनेकदा फिरवलेल्या ध्रुवावर बसवलेली असते, म्हणजे ध्रुवाची जागा कल्पनेने सरकवून आखलेली असते, त्यामुळे वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक ग्रिडच्या दिशेने आहेत की खऱ्या दिशांनी, हे पाहून मगच वापरा. तुमच्या ठिकाणची मॉडेलमधली उंची आणि खरी उंची ताडून पाहा. ५०० मीटरचा फरक असेल तर नेहमीच्या दर किलोमीटरला साडेसहा अंशांच्या हिशेबाने तापमानात तीन अंशांहून जास्त तफावत एवढ्यानेच येते.

मोठे सरोवर जवळ असेल तर त्याच्या पाण्याचे तापमान कुठून आले ते विचारा. काही सिम्युलेशनांत ते सर्वांत जवळच्या समुद्रावरून घेतलेले असते, मग तो समुद्र शेकडो किलोमीटर दूर का असेना, आणि त्यामुळे सरोवराच्या काठचे बर्फ आणि पाऊस पार चुकतात. शेवटी कडेचा मिश्रणपट्टा काढून टाकलेला आहे का ते बघा. नसेल तर तो स्वतः काढा, आणि तुमचे ठिकाण त्या पट्ट्यात किंवा त्याला लागून येत असेल तर दुसऱ्या क्षेत्राची सिम्युलेशन शोधा.